विरोधी पक्षनेता व निवडणूक वचने (महाराष्ट्र विधिमंडळ)

सत्तेवर आलेल्या पक्षाने प्रचारात दिलेला शब्द सभागृहात त्याच्यापुढे ठेवणे आणि त्याचा हिशेब मागणे, हे विरोधी पक्षनेत्याचे एक प्रमुख काम मानले जाते. महाराष्ट्रात या पदाचे वेतन व भत्ते 1978 च्या अधिनियमाने ठरवले असून पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे. बंगला, गाडी, कर्मचारी हे सगळे मिळते. वचन मोडणाऱ्या सरकारला शासन करण्याचा अधिकार तेवढा मिळत नाही.

तो न्यायालयाकडेही नाही. तामिळनाडूतील मोफत रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या वचनावरून झालेल्या खटल्यात (एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू सरकार, 2013) सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातील वचन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खालील भ्रष्टाचार ठरत नाही, असा निर्णय दिला. त्याचबरोबर निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. त्यानुसार 2014 मध्ये आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचा भाग आला. वचन पाळता येण्याजोगेच द्यावे आणि पैसा कोठून आणणार हे ढोबळपणे सांगावे, अशी त्यात अपेक्षा आहे. अपेक्षेपलीकडे त्यात काही नाही.

म्हणून विरोधी पक्षनेत्याचे खरे कसब निराळे आहे. जाहीरनामा ही पक्षाची छापील पुस्तिका असते आणि सभागृहाच्या दप्तरी तिची नोंद नसते. मंत्र्याने सभागृहात उभे राहून दिलेल्या आश्वासनाची मात्र नोंद होते, ते आश्वासन समितीकडे जाते आणि खात्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. लोकसभेत ही समिती 1953 मध्ये स्थापन झाली आणि पूर्ततेसाठी तेथे तीन महिन्यांची मुदत ठरली. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी माहिती घेतो’ अशा धाटणीची कोणती वाक्ये आश्वासन मानायची, याची यादीच तेथे करून ठेवली आहे. मंत्र्याला जे निसटते उत्तर वाटते, ते समितीच्या लेखी बांधिलकी ठरू शकते. तेव्हा पुस्तिकेतले वचन मंत्र्याच्या तोंडून सभागृहात वदवून घेणे, हाच या पदाचा डाव.

त्यासाठीची आयुधे ठरलेली आहेत : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, कपात सूचना, विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव. पुरवणी मागण्यांवरची चर्चा सर्वांत कमी गाजते, पण उपयोगाची तीच अधिक, कारण वचनासाठी पैसे ठेवले की नाही हे तेथे कळते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार टाकून पत्रकार परिषद घेणे आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसणे हा नियमावलीबाहेरचा भाग. वृत्तपत्रांत छायाचित्र बहुधा याचेच येते.

या कामातली गोम एन्रॉन प्रकरणात पुरती दिसली. अमेरिकी एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) करार डिसेंबर 1993 मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना झाला. 1991 ते 1995 या काळात विरोधी पक्षनेते असलेल्या गोपीनाथ मुंडे यांनी त्यावर रान उठवले. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा 1995 च्या प्रचारात घरोघरी पोहोचली. शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि प्रकल्पाच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुखही तेच झाले. 3 ऑगस्ट 1995 रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत करार रद्द केल्याचे जाहीर केले. येथवर वचन तंतोतंत पाळले गेले.

पुढे कंपनीशी पुन्हा बोलणी झाली. जानेवारी 1996 मध्ये सुधारित करार मान्य झाला आणि 2,015 मेगावॅटचा प्रकल्प 2,184 मेगावॅटचा झाला. बुडवायचा प्रकल्प वाढूनच वर आला. आता जाब विचारायची पाळी नव्या विरोधी पक्षनेत्याची, म्हणजे काँग्रेसच्या मधुकर पिचड यांची होती. पण मूळ करार त्यांच्याच पक्षाच्या सरकारने केलेला. आपल्याच पोराला नावे ठेवायची कशी? जाब मग सभागृहाबाहेर विचारला गेला. गुहागर परिसरात आंदोलने झाली, मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या. ज्याने स्वतः तेच पाप केले नाही, त्यालाच दुसऱ्याचे वचन मोजता येते, हा या पदाचा अलिखित नियम येथे उघडा पडला.

2019 चा प्रसंग याच्या उलट बाजूचा. ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने खरीप हातचा गेला, तेव्हा सत्तास्थापना लांबलेली होती. उद्धव ठाकरे यांनी बांधावर जाऊन हेक्टरी 25,000 रुपये मदतीची मागणी केली. महिना उलटण्याच्या आत ते मुख्यमंत्री झाले. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी तोच आकडा लावून धरला. 17 डिसेंबरला भाजप आमदारांनी शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’तील बातमीचा फलक सभागृहात फडकवला आणि धक्काबुक्कीपर्यंत मजल गेली. 21 डिसेंबरला ठाकरे यांनी दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाच्या माफीची योजना जाहीर केली. सातबारा कोरा करण्याचा शब्द दिला होता, दोन लाखांच्या मर्यादेचा नव्हे, असे म्हणत फडणवीस यांनी सभात्याग केला. मागणी करणाऱ्याचेच शब्द त्याच्याविरुद्ध वापरण्याचे इतके चोख उदाहरण विधानसभेच्या अलीकडच्या इतिहासात दुसरे नाही.

पदाची धार बोथट होण्याचे आणखी एक कारण खास महाराष्ट्रातले. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच सरकारात विरोधी पक्षनेता मंत्री होऊन बसण्याचे चार प्रसंग येथे घडले : नारायण राणे (2005), एकनाथ शिंदे (2014), राधाकृष्ण विखे पाटील (2019) आणि अजित पवार (2023). शिंदे यांचे विरोधी पक्षनेतेपद तर महिनाभरही टिकले नाही. राणे गेले त्याच वर्षी, 2004 च्या निवडणुकीपूर्वी जाहीर झालेली शेतकऱ्यांसाठीची मोफत वीज विलासराव देशमुख सरकारने बंद केली.

नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत महायुतीने शेतकरी कर्जमाफीचे आणि लाडकी बहीण योजनेची रक्कम दरमहा 1,500 वरून 2,100 रुपये करण्याचे वचन दिले. 288 जागांच्या सभागृहात विरोधकांतील सर्वांत मोठ्या शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला 20 जागा मिळाल्या, काँग्रेसला 16. एक दशांश, म्हणजे 29 सदस्य नसल्याचे कारण चर्चेत राहिले आणि पदाला मान्यता मिळाली नाही. एक दशांशाचा हा दंडक लोकसभेच्या अध्यक्षांच्या निर्देशांतून आलेला असून 1978 च्या अधिनियमात तो नाही. दिल्ली विधानसभेत 2015 साली 70 पैकी तीन आमदारांच्या भाजपला हे पद देण्यात आले होते. शेतकरी कामगार पक्षाचे 1962 मध्ये 15 आमदार निवडून आले होते, तरी त्या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षे राहिले.

मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2,100 रुपयांची तरतूद झाली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना पीककर्ज वेळेत फेडण्यास सांगितले. कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पूर्वी घेऊ, ही तारीख सरकारकडून ऑक्टोबर 2025 मध्ये वदवून घेतली ती बच्चू कडू यांच्या नागपुरातील आंदोलनाने. कडू तेव्हा आमदारही नव्हते. 2024 मध्ये ते पराभूत झाले होते. विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये संपली होती. डिसेंबर 2025 मध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले, तेव्हा दोन्ही सभागृहांत हे पद रिक्त होते.