एक कंठ आणि समुद्र

वसईजवळील राजोडीच्या किनाऱ्यावर भरतीचें पाणी चढूं लागलें, म्हणजे शेजारच्या माणसाचा शब्दही ऐकूं येत नाहीं. मग मोठ्या वाद्यवृंदापुढें एकट्या गळ्याचा टिकाव कसा लागावा? याचें एक उत्तर इंग्लंडांत १८९९ सालीं मिळालें.

एडवर्ड एल्गार हा वूस्टर येथील वाद्यविक्रेत्याचा मुलगा. संगीतरचना तो बहुतांशीं स्वाध्यायानेंच शिकला. त्याचीं 'सी पिक्चर्स' हीं पांच समुद्रगीतें नॉर्विचच्या संगीतोत्सवांत ५ ऑक्टोबर रोजीं क्लारा बट हिनें प्रथम गाइलीं. तिचा कंठ भरदार, खालच्या पट्टीचा; वेष मत्स्यकन्येसारखा! गीतें पांच निरनिराळ्या कवींचीं. त्यांतील दुसरें एल्गारच्या पत्नीचें.

आपल्या नाट्यसंगीतांत ऑर्गन व सारंगी गायकाच्या मागोमाग चालतात. एल्गारचा वाद्यवृंद तेवढ्यावर थांबत नाहीं. तो स्वतःच समुद्र होतो. पहिल्या गीतांत समुद्र आईप्रमाणें जगाला निजवितो. पांचव्या गीतांत वादळ उसळतें. परंतु गत सुखाचे दिवस आठवतांच त्या पहिल्या गीताचे सूर पुन्हां कानीं येतात. शब्द सांगतात ती आठवण वाद्येंही सांगतात. चौथ्या गीतांत तींच वाद्यें विरळ होऊन गळ्याला वाट देतात.

वाद्यवृंदाला असें स्वतंत्र काम आणि गळ्याला मोकळी जागा मिळाली, म्हणजे शब्द बुडत नाहीं. आपल्या गायनास मोठा वाद्यवृंद जोडूं पाहणाऱ्यांनीं वाद्यांची संख्या वाढविण्यापूर्वीं हा विवेक अवश्य शिकावा.