भुलाभाईंच्या बंगल्यातला शेजार

मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा छबिलदासपासून सांगू लागतो. फार तर १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'पर्यंत मागे जातो. रंगायनला ज्या वास्तूने आसरा दिला, त्या मुंबईतल्या वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटचा उल्लेख मात्र 'तालमीची जागा' एवढ्यावरच आटोपतो. हा तिच्यावर अन्याय आहे.

भुलाभाई देसाई हे मुंबईतले नामांकित वकील. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ साली लाल किल्ल्यात खटला चालला, तेव्हा बचावाची धुरा त्यांनी वाहिली. पुढच्याच वर्षी ते वारले. समुद्रकाठच्या त्यांच्या बंगल्यात त्यांच्या स्मरणार्थ ही संस्था उभी राहिली, ती त्यांच्या सूनबाई मधुरीबेन आणि सोली बाटलीवाला यांच्या उत्साहावर. खोल्या कलावंतांना नाममात्र भाड्याने मिळत. गायतोंडे, हुसेन, दशरथ पटेल, नसरीन मोहमदी इथे काम करत. अल्काझींच्या थिएटर युनिटचे नाट्यवर्ग इथेच चालत. रविशंकरांनी १९६२मध्ये काढलेलं 'किन्नर' हे संगीतविद्यालयही याच छपराखाली होतं. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही रंगायनची मंडळी या शेजारात वावरली.

शेजार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 'विविध कलांचा संगम' वगैरे भाषा उद्घाटनाच्या भाषणांत शोभते. इथे तसं कुणी योजलं नव्हतं. तालमीला आलेल्या नटाच्या कानावर सतार पडायची, जिन्यात चित्रकार भेटायचा, इंग्रजी, हिंदी आणि मराठी नाटकवाले एकमेकांची कामं पाहायचे. गिरगाव-दादरच्या मराठी नाट्यसृष्टीला ही सोबत एरवी कुठे मिळणार होती?

पण सगळा व्यवहार दोन-तीन माणसांच्या मर्जीवर आणि शब्दावर. साठीचं दशक सरता सरता बंगला पडला, तिथे 'आकाशगंगा' ही उंच इमारत आली. गंमत अशी की, 'एनसीपीए' ही मुंबईची मोठी कलासंस्था १९६९च्या डिसेंबरात सुरू झाली ती याच आकाशगंगेतल्या भाड्याच्या जागेत. पुढे नरिमन पॉइंटला भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर ती गेली आणि १९८०मध्ये तिथे टाटा थिएटर उघडलं. तिथे उत्तम ध्वनियोजना होती. चित्रकाराला रोज येऊन बसायला खोली मात्र नव्हती.

चित्रकार आपापल्या घरी आणि गॅलऱ्यांत पांगले. सत्यदेव दुबे आणि इतर नाटकवाले ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये गेले. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह गजबजतं ठेवलं. तिथे नाटकं गाजली, तरुण लेखक-दिग्दर्शक उभे राहिले. ते श्रेय निर्विवाद आहे. पण तो रंगमंच नाटकवाल्यांचा होता, शेजारच्या खोलीत रंगांचा वास नव्हता. पुढे छबिलदासही सुटलं आणि आविष्कारने बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत हलवलं.