प्रवासासाठी छोटा लॅपटॉप घेताय? आधी चार्जरचं वजन बघा

लॅपटॉपच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा वजनाचा असतो. ९९० ग्रॅम, १.२ किलो, १.३ किलो. हा आकडा खोटा नसतो, पण तो फक्त लॅपटॉपचा असतो. तुमच्या पाठीवर येतं ते लॅपटॉप, चार्जर, त्याची तीन पिनांची जाड केबल, माउस आणि पेनड्राइव्ह किंवा प्रोजेक्टर जोडायला लागणारं ते छोटं हब, हे सगळं मिळून. घरात वजनकाटा असेल तर एकदा नुसता चार्जर केबलसकट ठेवून बघा. जुन्या पद्धतीचा, मधे वीट असलेला ६५ वॅटचा चार्जर सहज ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे दहा हजार रुपये जास्त देऊन जे २०० ग्रॅम तुम्ही वाचवले, ते चार्जरनं परत घेतले.

माझा पहिला ‘हलका’ लॅपटॉप १.१ किलोचा होता. दुकानात एका हातानं उचलला आणि तिथेच विकत घेतला. बाकी काही पाहिलंच नाही. मेमरी ४ जीबी, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, आणि चार्जरची पिन अशी की दुसरा कुठलाही चार्जर बसत नाही. एकदा रात्रीच्या गाडीनं कोकणात निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑनलाइन इंटरव्ह्यू. बॅटरी ९० टक्के पाहिली, झाकण बंद केलं, बॅगेत ठेवून झोपलो. सकाळी बॅग उघडली तर लॅपटॉप गरम आणि बॅटरी १४ टक्के. इंटरव्ह्यू फोनवर दिला, पण स्क्रीन शेअर करून जे दाखवायचं होतं ते राहिलंच. ती नोकरी मिळाली नाही. तो लॅपटॉप झाकण लावल्यावर का झोपला नाही, हे मला नंतर कळलं. ते खाली सविस्तर सांगतो, कारण आजही बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये हे होतं.

लहान आणि हलका, या दोन वेगळ्या गोष्टी

२००७ मध्ये आसुसचा ‘ई पीसी’ आला. ७ इंची स्क्रीन आणि वजन एक किलोच्या आत. यातून ‘नेटबुक’ हा प्रकारच सुरू झाला. पण बटणं इतकी बारीक की दोन पानं टाइप केली की बोटं एकमेकांत अडकायची. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनं कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर काढून दाखवला. तो होता १.३६ किलोचा, म्हणजे नेटबुकपेक्षा जड, पण स्क्रीन १३ इंची आणि कीबोर्ड पूर्ण मापाचा. पुढे इंटेलनं २०११ मध्ये ‘अल्ट्राबुक’ हे नाव पुढे आणलं आणि विंडोज लॅपटॉपही त्याच वाटेनं गेले. नेटबुक काही वर्षांत संपले.

म्हणून माझं मत असं: प्रवासासाठी १३ ते १४ इंची स्क्रीन घ्या. ११ इंची मशीनवर एक्सेलची शीट उघडली की अर्ध्या वेळ तुम्ही नुसतं स्क्रोल करत बसता. १५.६ इंची लॅपटॉप विमानातल्या ट्रेवर ठेवला आणि पुढच्यानं सीट मागे टेकवली, तर झाकण धड उघडत नाही. बसच्या सीटवर मांडीवर घेऊन काम करायलाही १४ इंच ही शेवटची मर्यादा समजा. वजन १.४ किलोच्या आत असेल तर रोज पाठीवर नेता येतं. १.२ आणि १.३ मधला फरक जाणवत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

स्क्रीनबद्दल एकच गोष्ट बघा, ती म्हणजे ब्राइटनेस. स्वस्त मॉडेलमध्ये २५० निट्स असतात. घरात चालून जातं. खिडकीशेजारच्या सीटवर दुपारी बसलात की त्यात स्वतःचा चेहरा जास्त दिसतो. ४०० निट्स मिळत असतील तर इतर एखादी गोष्ट सोडून ते घ्या.

जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघा

पातळ लॅपटॉप पातळ होण्यासाठी त्यातले भाग जोडपट्टीवर न बसवता थेट बोर्डवर सोल्डर करतात. रॅमच्या माहितीत ‘एलपीडीडीआर’ असं लिहिलेलं असेल, तर ती जवळपास नेहमीच सोल्डर केलेली असते. म्हणजे आज ८ जीबी घेतली तर लॅपटॉप असेपर्यंत ८ जीबीच. ‘आत्ता घेऊ, नंतर वाढवू’ हा आपला लाडका हिशेब इथे चालत नाही. ब्राउझरच्या पंधरा टॅब, व्हॉट्सअॅप, व्हिडिओ कॉल आणि एक वर्ड फाइल एवढ्यातच ८ जीबी भरत येते. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी घ्या. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल.

दुसरी गोष्ट स्टोरेज. अगदी स्वस्त आणि हलक्या मशीनमध्ये एसएसडी नसते, ‘ईएमएमसी’ असते. फोनच्या मेमरी कार्डाच्या जातीची समजा. तिचा वेग कागदावरच सेकंदाला ४०० एमबीपर्यंत, तर साध्या एनव्हीएमई एसएसडीचा वेग काही हजार एमबी असतो. शिवाय विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी स्टोरेजची आहे. ६४ जीबी ईएमएमसीवर विंडोज टाकलं की पहिल्या मोठ्या अपडेटला ‘जागा नाही’ असा निरोप येतोच. २०२३ मध्ये जिओबुक आलं तेव्हा त्याचं वजन ९९० ग्रॅम, किंमत १६,४९९ रुपये, रॅम ४ जीबी आणि स्टोरेज ६४ जीबी ईएमएमसी होतं. पण त्यात विंडोज नव्हतं, अँड्रॉइडवर आधारलेलं जिओओएस होतं. नोट्स, व्हिडिओ, ऑनलाइन क्लास यासाठी असं मशीन ठीक. कॉलेजचं एखादं विंडोज सॉफ्टवेअर त्यावर चालेल अशी आशा धरून ते घेऊ नका.

२०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाले विंडोज लॅपटॉप बाजारात आहेत. बॅटरीला खरंच भारी असतात. पण ही एआरएम चिप आहे, म्हणजे फोनच्या घराण्यातली. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर चालतात, मात्र जुना प्रिंटर, परवान्याचं यूएसबी डोंगल किंवा असंच काही, ज्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, त्याचा एआरएम ड्रायव्हर कंपनीनं काढला नसेल तर ते चालणार नाही. इंजिनीअरिंगवाल्यांनी आणि मराठी डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पैसे देण्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर हे तपासावं.

बजेट कमी असेल तर नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप मला जास्त आवडतो. उदाहरणार्थ डेलचा लॅटिट्यूड ७४९०. १४ इंची, साधारण १.४ किलो, रॅम बदलता येते आणि टाइप-सीनं चार्ज होतो. मात्र इंटेल आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका, कारण त्याच्या आधीच्या जवळपास सगळ्या चिपना विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना घेताना विक्रेत्याला विंडोजची बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

चार्जिंग: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

प्रवासाच्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग हवंच. टाइप-सी पोर्ट असणं वेगळं आणि त्यातून लॅपटॉप चार्ज होणं वेगळं. काही लॅपटॉपमध्ये ते पोर्ट फक्त डेटासाठी असतं. माहितीत ‘पॉवर डिलिव्हरी’ किंवा ‘पीडी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ते असेल तर गॅलियम नायट्राइडचा, म्हणजे ‘गॅन’ प्रकारचा, ६५ वॅटचा मुठीत मावणारा एकच चार्जर फोन आणि लॅपटॉप दोन्हींना पुरतो. युरोपीय संघात तर २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं आहे, त्यामुळे जुन्या गोल पिनेचे दिवस तसेही भरत आलेत.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या फोनचा चार्जर ८० वॅटचा आहे, मग तोच लावतो की! इथेच फसगत होते. फोन कंपन्यांचं ते ८० किंवा १०० वॅटचं फास्ट चार्जिंग बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीनं चालतं. तो वेग फक्त त्यांचा फोन आणि त्यांची केबल असेल तेव्हाच मिळतो. लॅपटॉप पीडीची भाषा बोलतो, आणि त्याला साधारण २० व्होल्ट लागतात. चार्जरला ती भाषा येत नसेल किंवा थोडीच येत असेल, तर लॅपटॉप चार्जच होत नाही किंवा ‘स्लो चार्जर’ असा इशारा देतो. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. आउटपुटमध्ये ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असं दिसलं तर तो ६५ वॅटचा खरा लॅपटॉप चार्जर. केबलही तेवढी वीज पेलणारी हवी. ६० वॅटच्या वर जायचं असेल तर ५ अँपिअरची केबल मागून घ्या.

बॅटरी किती तास चालेल हे कंपनीच्या ‘१८ तास’वरून ठरवू नका. असा आकडा बहुतेकदा ब्राइटनेस कमी ठेवून, डाउनलोड केलेला व्हिडिओ चालवून काढलेला असतो. स्वतः हिशेब करा. बॅटरी ५० वॅट-अवरची असेल आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामात लॅपटॉप ७ वॅट खात असेल तर सात तास. व्हिडिओ कॉलवर तोच १४ वॅट खायला लागला की साडेतीन.

रेल्वेच्या डब्यात प्लग असतो खरा, पण तो बऱ्याच ठिकाणी फक्त मोबाइलसाठी असतो, आणि रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं रेल्वेचं धोरण आहे. रात्रीच्या गाडीला घरूनच १०० टक्के करून निघा. एरवी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू ठेवत असाल, तर प्रवासाच्या आदल्या रात्री ती बंद करायची आठवण ठेवा. मी दोनदा विसरलोय.

पॉवर बँक घेणार असाल तर विमानाचा नियम माहीत हवा. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि कुठलीही पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, ती केबिन बॅगेतच ठेवायची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७४ वॅट-अवर होते, म्हणजे बसते. काही कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबून चढू नका.

झाकण बंद म्हणजे लॅपटॉप बंद नव्हे

आता माझ्या त्या १४ टक्क्यांची गोष्ट. आजच्या बहुतेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं. झाकण लावलं तरी लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा राहतो. मेल तपासतो, कधी अपडेट उतरवतो. फोनची चिप यासाठीच बनलेली असते, म्हणून फोनला ते झेपतं. लॅपटॉप मात्र कधीकधी पूर्ण जागा होतो आणि बंद बॅगेत तापत बसतो.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते ठरवायची लिंक आहे. तिथे ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. हायबरनेटमध्ये उघडलेलं सगळं काम एसएसडीवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो. चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण सकाळी बॅटरी जवळपास तितकीच असते. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ अशा अर्थाची ओळ आहे. ती दाबून खालच्या हायबरनेटवर टिक करा.

फोनचा हॉटस्पॉट आणि रोजचे २ जीबी

प्रवासात नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. विंडोजला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत, आणि ते खुशाल अपडेट खेचायला लागतं. तुमचा रोजचा डेटा सकाळच्या नाश्त्याआधी खलास. हॉटस्पॉटला जोडल्यावर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. प्रत्येक नेटवर्कसाठी एकदाच करावं लागतं. वनड्राइव्हचं सिंकही थांबवा. कोकण रेल्वेवर बोगद्यांत रेंज जातेच, त्यामुळे लागणाऱ्या फाइली आधीच डाउनलोड करून ठेवा.

हॉटस्पॉटनं फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते. फोन केबलनं लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टिदरिंग’ चालू केलंत तर नेटही मिळतं आणि फोनही चार्ज होत राहतो. मात्र ती वीज लॅपटॉपच्याच बॅटरीतून जाते, तेव्हा दोन्हींतला कोण आधी संपलेला परवडेल ते बघून ठरवा.

निघण्याआधी अजून एक काम. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. लॅपटॉप चोरीला गेला तर आतले फोटो आणि कागदपत्रं चोराच्या हाती लागत नाहीत. पण एखाद्या अपडेटनंतर किंवा दुरुस्तीनंतर तोच लॅपटॉप तुमच्याकडेही ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आजच लॉगिन करून बघा आणि वहीत लिहून घरी ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, कारण बॅग गेली तर बऱ्याचदा फोनही त्याच बॅगेत असतो.