साखर, गूळ, मध : व्हीगन आहारात काय चालते?

वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून शाकाहारी माणूस निश्चिंत होतो; व्हीगन आहार घेणाऱ्याला मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही. भारतीय नियमांत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध हे सारे शाकाहारातच मोडतात. व्हीगन आहारात ते वर्ज्य. मधाचा निकाल त्यामुळे लगेच लागतो : मधमाश्यांनी पोळ्यासाठी साठवलेले ते अन्न आहे.

साखरेचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. ऊस वनस्पती खरा, पण साखर पांढरी होते कशी? अमेरिकेतील काही शुद्धीकरण कारखान्यांत उसाच्या साखरेचा रंग हाडांच्या कोळशातून गाळून काढतात. गुरांची हाडे हवेविना तापवून हा कोळसा तयार होतो. तो गाळणीपुरताच वापरला जात असल्याने घटकांच्या यादीत त्याचा उल्लेख नसतो. तपकिरी साखर घेतली म्हणून सुटका होतेच असे नाही. पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेतच मळी मिसळून केलेली असते. बीटच्या साखरेला मात्र या कोळशाची गरज पडत नाही.

आपल्याकडील बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर यांनी स्वच्छ करतात. त्यामुळे रोजच्या चहातील साखरेबद्दल हाडांची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही. परदेशी बिस्किटे वा चॉकलेटे घेताना मात्र उत्पादकाकडे चौकशी करणे योग्य.

गुऱ्हाळात रसाची मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे, म्हणून गूळ सहसा निर्धोक. गोव्यातील माडाचा गूळही माडाच्या गोड रसापासूनच होतो. हा रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करीत. अतिकाटेकोर व्यक्तीने हवे तर तेवढे विचारावे. आमच्या मते ही शंका ताणण्यासारखी नाही.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया प्राणिजन्य नाहीत, परंतु गोळीला आकार देण्यासाठी काही उत्पादक लॅक्टोज, म्हणजे दुधातील शर्करा, घालतात. ते घटकांच्या यादीत सापडते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांत घटकांबरोबरच प्रक्रियेत वापरलेल्या साहाय्यक द्रव्यांचाही विचार केला आहे. हिरव्या चौकटीतील ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह म्हणूनच हिरव्या ठिपक्याहून अधिक सांगते. सुट्या मालावर असे चिन्ह नसते. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तांदूळ, खोबरे आणि गूळ यांच्याच. नारळाच्या रसातला दोदोलही तसाच, फक्त त्यात तूप घातले आहे का, तेवढे विकणाऱ्याला विचारून घ्यावे.