हक्क आणि अधिकार : जुन्नर-आंबेगाव परिसरातील दोन शब्दांचा सामाजिक इतिहास

१

समतेच्या चळवळींचा इतिहास सामान्यतः सभा, सत्याग्रह आणि कायदे यांच्या अनुक्रमाने लिहिला जातो. ज्या शब्दांत या चळवळी बोलल्या त्या शब्दांनाही एक इतिहास असतो, आणि तो चळवळींच्या इतिहासाहून अनेकदा अधिक गुंतागुंतीचा असतो. ‘मानवी हक्क’ आणि ‘मानवाधिकार’ हे आज समानार्थी शब्द मानले जातात. १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याचा उल्लेख मराठीत या दोन्ही संज्ञांनी होतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत या दोन्ही शब्दांच्या पोटात विषमताच होती.

‘हक्क’ हा मूळ अरबी शब्द मराठीत रुजला तो वतनव्यवस्थेतून. वतनपत्रे आणि महजर यांत तो ‘हक्कलाजिमा’, ‘मानपान’, ‘इनाम-इसाफत’ यांच्या सोबतीने येतो. येथे हक्क म्हणजे गावगाड्यातील विशिष्ट स्थानामुळे, पिढीजात चालत आलेला मोबदला. पाटलाचा हक्क वेगळा, कुलकर्ण्याचा वेगळा, जोश्याचा वेगळा, महाराचा वेगळा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात या देण्याघेण्याची जी तपशीलवार नोंद आहे, तीवरून एक गोष्ट स्पष्ट होते : हक्क सर्वांना सारखा असणे ही कल्पनाच या व्यवस्थेत अर्थहीन होती. जो सर्वांना सारखा, तो हक्क कसला?

‘अधिकार’ हा शब्द दुसऱ्या दिशेने आला. पूर्वमीमांसेत अधिकार म्हणजे कर्म करण्याची पात्रता. कोणते कर्म कोणी करावे आणि त्याचे फळ कोणाला मिळावे, याचा निर्णय म्हणजे अधिकारविचार. शूद्राला वैदिक कर्माची पात्रता नाकारणारे ‘अपशूद्राधिकरण’ याच विचाराचा भाग आहे. तात्पर्य, एक शब्द वतनाच्या दप्तरातून आणि दुसरा शास्त्राच्या पोथीतून मराठीत आला, आणि दोन्ही शब्द माणसामाणसांतील पायऱ्या निश्चित करण्याचे काम करीत होते. हे शब्द पुढे त्या पायऱ्यांविरुद्धच वापरले गेले. हा अर्थपालट कसा घडला, याचा एक महत्त्वाचा दुवा जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे सापडतो.

२

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून लावलेला पहिला सत्यशोधक विवाह पार पडला, आणि ७ मे १८७४ रोजी दुसरा. हे दोन्ही विवाह पुणे शहर व त्याचा परिसर यांत झाले. तेथे विरोध झाला तरी तो प्रामुख्याने सामाजिक दडपणाच्या पातळीवर राहिला. मांडवी नदीकाठच्या ओतुरात मात्र ग्रामजोश्याचे वतन हे गावगाड्याचे एक चाक होते. १८८४ च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्नकार्य ग्रामजोश्याला न बोलावता सत्यशोधक पद्धतीने उरकले, तेव्हा जोश्याने दिवाणी दावा लावला. लग्न अशास्त्रीय आहे, असे त्याचे म्हणणे असते तर ते समजण्यासारखे होते. त्याचा मुख्य दावा होता तो दक्षिणा बुडाल्याचा.

या दाव्याचे स्वरूप नीट लक्षात घ्यावे लागते. मुंबई इलाख्यातील न्यायालये ग्रामजोश्याच्या वतनाला मिळकतीचा दर्जा देत आली होती. धर्मशास्त्रातील ‘निबंध’ ही संज्ञा, म्हणजे नियमितपणे मिळत राहणारे बांधीव उत्पन्न, हिला स्थावर मालमत्तेसमान मानण्याचा प्रघात ब्रिटिश न्यायाधीशांनी उचलला होता. परिणामी यजमानाने दुसऱ्याच भटजीकडून विधी करवून घेतला, तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शकत असे. सेवा न करता सेवेचे मोल मागण्याची ही सोय परंपरेने दिली की इंग्रजी कायद्याने, हा प्रश्न वादाचा आहे. परंतु परंपरेतील लवचीक व्यवहाराला न्यायालयाने मिळकतीचा कठीण साचा दिला, हे नाकारता येत नाही.

याच तालुक्यात, नाणेघाटातील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणे यांची लांबलचक यादी त्यात कोरलेली आहे. तेथे दक्षिणा ही देणाऱ्याच्या वैभवाची खूण आहे, आणि म्हणून ती दगडावर मिरवली जाते. दोन सहस्रकांनंतर त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी दक्षिणा हे देणाऱ्याकडून कोर्टामार्फत वसूल करावयाचे येणे झाले होते. दान ते देणे हा दक्षिणेचा प्रवास पाहिला म्हणजे ओतूरच्या पाटलांनी नेमके काय नाकारले ते कळते. जोश्याच्या ज्ञानाविषयीचा वाद दुय्यम होता. आपल्या घरातील मंगलकार्य ही दुसऱ्याची मिळकत आहे, हे गृहीतकच त्यांनी अमान्य केले.

प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि त्या दशकाच्या अखेरीस निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याला जोश्याची सेवा नकोच आहे, त्याच्यावर दक्षिणेचा बोजा लादता येत नाही, हे त्यातून प्रस्थापित झाले. सत्यशोधकांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. तथापि या विजयाची मर्यादाही पाहिली पाहिजे. न्यायालयाने समतेचे तत्त्व घोषित केले नाही. वतनी हक्काची हद्द कोठे संपते, एवढेच सांगितले. वतन शाबूतच राहिले. धार्मिक विधींच्या सक्तीच्या दक्षिणेला कायद्याने मूठमाती मिळण्यासाठी मुंबई विधिमंडळाच्या १९२६ च्या अधिनियमाची वाट पाहावी लागली. विवाहविधीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अन्यत्रही असाच दीर्घकाळ लोंबकळला. तमिळनाडूत १९२८ पासून होऊ लागलेल्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता मिळाली ती १९६७ च्या दुरुस्तीने.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. जोश्याचा पिढीजात हक्क नाकारणारा माणूस स्वतः पाटील होता. पाटीलकी हेही वतनच; तिलाही हक्कलाजिमा आणि मानपान होते, आणि १८७४ च्या वतन कायद्याचे संरक्षण होते. गावगाड्यातील एक हक्कदार दुसऱ्या हक्कदाराला आव्हान देत होता. त्या गाड्याच्या तळाशी असलेल्या महाराचे ‘वतन’ हे हक्काच्या नावाखाली वेठ होते. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांना १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, आणि ते वतन संपुष्टात आले ते १९५८ च्या कायद्याने. मुलकी पाटलांची पिढीजात पदे तर १९६२ पर्यंत टिकली, म्हणजे जोश्याच्या सक्तीच्या दक्षिणेनंतर आणखी ३६ वर्षे. ब्राह्मणेतर चळवळीवर पुढे जो आक्षेप वारंवार घेतला गेला, की ती वरच्या पायरीला विरोध करते आणि खालच्या पायरीविषयी मौन पाळते, त्याचे बीज ओतूरच्या खटल्याच्या रचनेतच आहे. कारण न्यायालयाची भाषा ही ‘हक्का’ची, म्हणजे पायऱ्यांचीच भाषा होती. त्या भाषेत सर्वांसाठी एकाच वेळी बोलता येत नव्हते.

३

ते बोलण्यासाठी दुसरी संहिता आवश्यक होती. खटला चालू असतानाच, १८८७ साली, जोतीराव फुले यांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधी’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच लक्ष दिले आहे. विधींची हस्तपुस्तिका म्हणून ती समाजशास्त्राच्या वाट्याला जाते, आणि चळवळीचे साधन म्हणून इतिहासाच्या. परंतु जोश्याला दाराबाहेर ठेवल्यावर जी जागा रिकामी होते ती कोणत्या शब्दांनी भरावयाची, हा मुळात वाङ्मयीन प्रश्न होता. फुल्यांनी त्याला वाङ्मयीन उत्तर दिले.

मंगलाष्टक हा प्रकार त्यांनी टाकला नाही. शार्दूलविक्रीडित हे त्याचे रूढ वृत्तही कायम ठेवले. मांडवात जमलेल्यांच्या कानांना ओळखीची असलेली चाल तशीच राहिली. बदलला तो बोलणारा. पारंपरिक विधीत वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुके उभे असतात. देवतांना आवाहन करतो तो पुरोहित. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः, एकमेकांना उद्देशून बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच कधी मिळालेला नाही, असे वधू सांगते, आणि त्यांचा अधिकार देण्याची शपथ वराकडून मागते. वर ती सर्वांसमक्ष घेतो. लग्नाच्या विधीतील उच्चार हा मुळातच कृतिरूप उच्चार असतो. तो नुसते वर्णन करीत नाही, तो नाते निर्माण करतो. हे सामर्थ्य पुरोहिताच्या मुखातून काढून वधूच्या मुखात ठेवणे, ही या संहितेतील निर्णायक घटना आहे.

येथे फुले वापरतात तो शब्द ‘अधिकार’. या निवडीचे महत्त्व मोठे आहे. स्त्री आणि शूद्र यांना ज्या शब्दाने कर्माबाहेर ठेवले, त्याच शब्दाने वधू कर्माच्या मध्यभागी येऊन बोलते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त या वापराला तात्त्विक पाया मिळतो. निर्माणकर्त्याने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि मानवी अधिकारांचे धनी केले आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा संस्कार या विचारावर आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र केवळ भाषांतर म्हणून त्याकडे पाहणे अपुरे ठरेल. पेनचा विरोध राजघराण्यांच्या वंशपरंपरेशी होता. फुल्यांपुढे गावागावातील, घराघरातील वंशपरंपरा होती. म्हणून त्यांचा ‘मानवी अधिकार’ राज्यसंस्थेकडे मागणी करून थांबत नाही. तो मांडवात उभ्या असलेल्या वराला जाब विचारतो. पाटलाने जोश्याला विचारलेला प्रश्न येथे पाटलाच्या मुलालाही विचारला जातो. खटल्याच्या भाषेत जे शक्य नव्हते, ते मंगलाष्टकाच्या भाषेत शक्य झाले.

पुढे कोल्हापुरात १८९९ पासून उभ्या राहिलेल्या वेदोक्त प्रकरणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे प्रारंभी मागणी होती ती क्षत्रिय म्हणून वेदोक्ताच्या अधिकाराची, म्हणजे अधिकाराच्या जुन्याच अर्थाची. पायरी वर सरकवून घेण्याची. ओतूर आणि १८८७ ची पुस्तिका यांनी पायरीच सोडली होती. त्या दृष्टीने पाहता, काळाने आधीचे ओतूर अर्थाने पुढचे ठरते.

४

या परिसराचा पश्चिम भाग, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील सह्याद्रीलगतची गावे, या इतिहासात कोठे बसतो? तेथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. ओतूरच्या खटल्याच्या दशकभर आधी आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध बंड पुकारले होते. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्या बंडाचा रोख होता सावकार आणि त्याच्या दप्तरातील कागदांवर. वाचता न येणाऱ्या माणसाची जमीन ज्या कागदाने जाते, तो कागदच त्याचा शत्रू ठरतो. फुल्यांनी ‘एकमय लोक’ या आपल्या राष्ट्रकल्पनेत शूद्रातिशूद्रांबरोबर भिल्ल व कोळी यांचाही समावेश केला. परंतु सत्यशोधक मंगलाष्टक डोंगराच्या माथ्यापर्यंत फारसे पोहोचले नाही. तेथील लढा वेगळ्या संहितांशी होता : खत, जंगल कायदा आणि पुढे भूसंपादनाची नोटीस.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात, ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच बुडाले. पाणी पूर्वेकडच्या शेतीला गेले. काठावर उरलेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने दोन गोष्टींसाठी संघटित प्रयत्न केले : जलाशयातील मासेमारी आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरील गाळपेर. या कामाची दखल २०१२ च्या ‘इक्वेटर’ पुरस्काराने आंतरराष्ट्रीय स्तरावरही घेतली गेली. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आंबेगावातील ५६ आणि जुन्नरमधील ६५ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यामुळे ग्रामसभेला विशेष स्थान देणारा १९९६ चा पेसा कायदाही तेथे लागू होतो.

२००६ च्या केंद्रीय कायद्याने या भागात ‘वनहक्क’ हा शब्द आणला, आणि ‘हक्क’ पुन्हा दप्तरात आला. दावा, पुरावा, १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा-तारीख, समित्यांच्या तीन पातळ्या, शेवटी सातबाऱ्यावरील नोंद : ही सारी परिभाषा जुन्या वतनी कागदांची आठवण करून देते. अर्जदाराने आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत हे सिद्ध करावयाचे असते. महजरात वतनदारही हेच सिद्ध करीत असे. हे साम्य दिशाभूल करणारे ठरू नये, म्हणून कायद्याच्या नावातील दुसरा शब्द पाहावा लागतो. हा अधिनियम वनहक्क ‘देण्याचा’ नाही, त्यांच्या ‘मान्यतेचा’ आहे. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे. जे आधीपासून आहे तेच मान्य केले जाते. अधिकार कोणी बहाल करीत नाही, तो माणसाच्या ठायी असतोच, ही सत्यशोधक भूमिका येथे कायद्याच्या रूक्ष भाषेत अवतरली आहे. शिवाय हिरड्यासारख्या वनोपजावरील सामूहिक हक्क एका घराण्याचा नसून गावाचा असतो. वतनी हक्काला जे कधी जमले नाही ते त्याला निदान तत्त्वतः जमते.

अर्थात हा अर्थ आपोआप टिकणारा नाही. सामूहिक हक्काचा कारभार ग्रामसभेने करावयाचा. आणि ग्रामसभेत स्त्रिया बोलतात की अंतरपाटामागच्या वधूसारख्या मुक्या राहतात, भूमिहीन कातकऱ्याचा दावा नोंदला जातो की जमीनधारकाचाच, यावर ‘हक्क’ या शब्दाचा पुढचा अर्थ ठरणार आहे. ओतूरच्या पाटलांनी कोर्टात जे मिळविले ते आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. ते अपुरे का होते, हे १८८७ च्या पुस्तिकेतील वधूने सर्वांत आधी सांगितले. हक्क मिळविणाऱ्याने तो मिळाल्याबरोबर आपल्या शेजारच्या माणसाला कोणते वचन दिले, हा तिचा प्रश्न जुन्नर-आंबेगावच्या इतिहासाला आजही विचारावा लागतो.