मोटारींचा सगोत्र विवाह

थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याच्या अंगावर चढतो. परंतु चढला म्हणजे तो अंगाला बसलाच, असें होत नाहीं. एका कुळांतील मोटारींच्या सुट्या भागांचीही हीच गोष्ट आहे. जर्मनींतील फोल्क्सवागेन घराण्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

या घराण्यांतील ‘बीटल’ ही छोटी मोटार आणि ‘टाइप २’ ही मोठी व्हॅन या दोघी सख्ख्या बहिणी. दोघींचेंही एंजिन मागच्या बाजूस असून तें पाण्यानें नव्हे, तर हवेनें थंड होई. गिअरबॉक्स व मागचा आंस हे दोन्ही एकत्र जोडलेले असत. त्यामुळें एका गाडीचा हा सबंध जोड सोडवून दुसरीस बसवावा, हा मोह जुन्या मोटारींच्या शौकिनांना आजतागायत आवरलेला नाहीं.

या कथेचें मूळ युद्धांत आहे. फर्डिनांड पोर्श यांनीं आंखलेल्या ‘लोकांच्या गाडी’च्या कारखान्याची कोनशिला २६ मे १९३८ रोजीं बसली, परंतु गाड्या लोकांच्या दारीं पोंचण्यापूर्वींच महायुद्ध पेटलें आणि कारखान्यांतून ‘क्यूबेलवागेन’ ही लष्करी मोटार बाहेर पडूं लागली. १९४० ते १९४५ या काळांत अशा सुमारें ५०,००० गाड्या झाल्या. पायीं चालणाऱ्या शिपायांबरोबर ताशीं ४ किलोमीटर इतक्या मंद गतीनें ही गाडी चालली पाहिजे, अशी सैन्याची अट होती. म्हणून मागच्या प्रत्येक चाकापाशीं दोन दातेरी चाकांची एक लहान पेटी बसविण्यांत आली. तिच्या योगें चाकाचा वेग घटे, जोर वाढे आणि आंस वर उचलला गेल्यानें गाडीचें पोट खांचखळग्यांना लागत नसे.

युद्ध संपल्यावर, २३ एप्रिल १९४७ रोजीं, बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें आपल्या टिपणवहींत एका पेटीवजा गाडीचें रेखाचित्र काढलें. त्यांतून मार्च १९५० मध्यें ‘टाइप २’ चें उत्पादन सुरू झालें. तिचें एंजिन बीटलचेंच, अवघें २५ अश्वशक्तीचें. ओझें मात्र कितीतरी अधिक. तेव्हां सैन्याची ती दातेरी पेटीच पुन्हां उपयोगास आली आणि १९६७ पर्यंत टिकली.

येथेंच खरी गोम आहे. एकमेकांत गुंतलेलीं अशीं दोन दातेरी चाकें परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. अर्थात् व्हॅन पुढें जावयाची, तर पेटीच्या अलीकडील आंस उलटा फिरला पाहिजे. म्हणून तिच्या गिअरबॉक्समधील मोठें क्राउन व्हील बीटलच्या उलट बाजूस बसविलेलें असे. हें न जाणतां बीटलचा गिअरबॉक्स व्हॅनला जसाच्या तसा जोडणाऱ्याची गाडी चार गिअरांत मागें आणि एका गिअरांत पुढें जाते! मग पेटी पुन्हां उघडून क्राउन व्हील दुसऱ्या बाजूस घ्यावें लागतें आणि दातांमधील अंतर नव्यानें जुळवावें लागतें. ८ जून १९४८ रोजीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड येथें परवाना मिळालेल्या पोर्श नांवाच्या पहिल्या मोटारींत, एंजिन आंसाच्या पुढें आणण्यासाठीं, फोल्क्सवागेनचा सबंध जोड तोंड फिरवून बसविला होता. अशा फेरबदलासही हाच नियम लागू पडतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पूर्वींच्या बीटलचा आंस फक्त गिअरबॉक्सपाशींच सांध्यावर हाले. त्यामुळें वळण जोरानें घेतलें असतां गाडीचा मागचा भाग उचलला जाऊन बाहेरचें चाक आंत दुमडण्याची भीति असे. ऑगस्ट १९६७ मध्यें निघालेल्या नव्या व्हॅनच्या आंसाला दोन्ही टोकांस सांधे आले. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या बीटललाही १९६९ च्या नमुन्यापासून ते मिळाले. हा नवा आंस जुन्या बीटलला बसवावयाचा, तर चौकटीवर नवे आधार वेल्डिंग करून जोडावे लागतात. मोजमापांत चूक झाली किंवा वेल्डिंग कच्चें राहिलें, तर आंत बसलेल्या कुटुंबाच्या प्राणाशींच गांठ पडते.

३० जुलै २००३ रोजीं मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें शेवटची बीटल बाहेर पडली. तोंवर २ कोटि १५ लक्षांहून अधिक बीटल तयार झाल्या होत्या. इतकें मोठें गोत्र मागें उरल्यामुळेंच एकीच्या अवयवांवर दुसरी आजही जगते. यंत्रांच्या जगांत सगोत्र विवाहास बंदी नाहीं. मात्र पत्रिका पाहणें अवश्य. तो भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या ओझ्यासाठीं घडविलेला आणि कोणत्या दिशेनें फिरणारा, एवढें पाहून मगच हातांत पाना घ्यावा, हें इष्ट.