काल्याचा घास

गोंदिया जिल्ह्यातील धानकरी शेतकऱ्याला पंढरीची वारी सहसा साधत नाही. आषाढीला बांधीत रोवणी चालू असते आणि कार्तिकीला कापणी. तरीही वारकरी संप्रदायाची एक प्रथा येथील गावोगावी आढळते. सप्ताहाची सांगता गोपालकाल्याने होते आणि मग सारे गाव महाप्रसादाला बसते. या प्रथेचा अर्थ व इतिहास आपणही समजून घेण्याजोगा आहे.

नैवेद्य म्हणजे निवेदन. शेतात पिकले, चुलीवर शिजले, ते प्रथम देवापुढे ठेवायचे. देव त्यातले शितही उचलत नाही. परंतु ठेवणाऱ्याचे ‘माझे’पण तेथे गळून पडते. परत मिळतो तो प्रसाद, म्हणजे कृपा. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाने पान, फूल, फळ, पाणी एवढेही पुरेसे मानले आहे. मोल भक्तीचे आहे. काला हे याच्या पुढचे पाऊल होय. भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण गोपाळांसह यमुनेकाठी वनभोजन करतो. त्याच्या स्मरणार्थ लाह्या, पोहे, दही एकत्र कालवतात. एकदा कालवले की कोणाचे काय, हे ओळखता येत नाही. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळील गोपाळपुरात काला होतो, मगच पालख्या परतीच्या वाटेला लागतात.

मात्र या पंक्तीला सारेच नव्हते. संत चोखामेळा महार म्हणून मंदिराबाहेर राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. पुढील सहा शतके दिंड्यांत त्यांचे अभंग गायले गेले, पण त्यांच्या ज्ञातिबांधवांना दार बंदच राहिले. अखेर साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण आरंभले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. जेथे दरवर्षी वाटून खाण्याचा सोहळा होतो, तेथेच त्याचा अर्थ पटवण्यासाठी एका माणसाला अन्न सोडावे लागले.

हे वाचून आपण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवू नये. करिंथच्या मंडळीत काहीजण तृप्त होत व गरीब उपाशी राहत, म्हणून संत पौलाने त्यांची कानउघाडणी केली. भारतातील ख्रिस्तसभेतही जातिभेद शिरला. काही ठिकाणी चर्चमधील बैठका आणि दफनभूमीसुद्धा वेगळ्या राहिल्या.

काला आणि पवित्र मिस्सा एक नव्हेत, आणि तसे भासवणे दोहोंचाही अनादर ठरेल. तथापि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दिली. शेजाऱ्याकडून महाप्रसादाचे बोलावणे आले की जावे की नाही, असा प्रश्न आपल्या अनेक कुटुंबांना पडतो. पौलाने त्याच पत्रात सद्सद्विवेक आणि दुर्बल बंधूची काळजी ही कसोटी सांगितली आहे. ती जरूर लावावी. पण त्याआधी, आपल्या स्वतःच्या पंक्तीबाहेर अजून कोण उभे आहे, तेही एकदा वळून पाहावे.